नववीत धर्मांची ओळख करून द्यायची कशी?

इतिहासशिक्षिका: आमची शाळा अनुदानित आहे. नववीला वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून द्यायला ३५ मिनिटांचे चार तास मिळालेत. हे कायद्यात बसतं का? आणि सुरुवात कुठून करावी?

कायदा-अभ्यासक: बसतं, मॅडम. संविधानाचं कलम २८ अडवतं ते एखाद्या धर्माची उपासना, श्रद्धा मुलांच्या गळी उतरवणं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ते करताच येत नाही, अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय नाही. धर्मांविषयी माहिती देणं वेगळं. ते घटनाविरोधी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सांगितलंय. फक्त तासाला प्रार्थना किंवा आरती जोडू नका.

निवृत्त मुख्याध्यापक: संस्थापक-ग्रंथ-सण असा तक्ता फळ्यावर काढू नका. हिंदू धर्म पहिल्याच रकान्यात अडकतो. त्यापेक्षा भिंतीवरची लागोपाठ तीन वर्षांची कॅलेंडरं आणा. चार-चार मुलांच्या गटांना रमजान ईद, दिवाळी आणि ईस्टरच्या तारखा काढायला लावा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, कारण चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं. दिवाळीही चंद्रावरच, पण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो, म्हणून ती ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. ईस्टर म्हणजे २१ मार्चपासूनच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. अख्खा तास यात गेला तरी जाऊ द्या.

समाजशास्त्राचे शिक्षक, दहावी: खरी अडचण तारखांच्या पुढे येते, आणि ती वाक्यरचनेमुळे. ‘महावीरांचा विवाह झाला होता’ असं नुसतं लिहिलंत तर दिगंबर घरातून हरकत येणारच. ‘श्वेतांबर परंपरेनुसार झाला, दिगंबर परंपरेनुसार नाही’ असं लिहा. ‘तुमच्यात कसं असतं, सांग बरं’ असं कुठल्याही मुलाला उभं करून विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते आपणहून हात वर करेल. बौद्ध धर्म अशोकापाशी थांबवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ची डॉ. आंबेडकरांची नागपूरची धम्मदीक्षा शिकवाच, महाराष्ट्रातल्या बहुतेक बौद्ध घरांची परंपरा तिथूनच सुरू होते.

इतिहासशिक्षिका: त्या दीक्षेच्या २२ प्रतिज्ञा वाचून दाखवाव्यात का? काहींत हिंदू देवतांना स्पष्ट नकार आहे.

समाजशास्त्राचे शिक्षक, दहावी: वगळू नका, पण वर्गाकडून म्हणवूनही घेऊ नका, ते पठण होईल. छापील प्रत हातात द्या. त्याआधी किमान वीस मिनिटं महाडचा सत्याग्रह (१९२७), काळाराम मंदिराचा लढा (१९३०) आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा (१९३५) यांना द्या. नकारामागचं कारण आधी कळलं, तर मुलं त्या प्रतिज्ञा इतिहासाचं साधन म्हणून वाचतात.