आईच्या वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आहे, आजारपण कसं लिहावं?

खानापूरचा_धाकटा
नमस्कार मंडळी. येत्या नोव्हेंबरात आईला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाला भाऊबंद आणि तिच्या माहेरची निपाणीची माणसं येणार, तेव्हा सोळा पानी स्मरणिका हातात द्यायची असं भावंडांचं ठरलंय. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं. त्यातच 2019 मध्ये दादा गेले, तरी ती खचली नाही. पण लिहायला बसलं की "कष्टाळू, प्रेमळ, सोशिक" याच्या पुढं पेन सरकत नाही. घरात फायलींची पिशवी आहे, जुने अल्बम आहेत. सुरुवात कुठून करावी? छपाईचं काय बघावं?

वडगावची_रेखा
त्या पिशवीपासूनच करा. डायलिसिसच्या प्रत्येक कागदावर तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन आणि बीपी असतं. कागद तारखेप्रमाणं लावा. डायलिसिसच्या दोन खेपांमध्ये वाढलेलं वजन म्हणजे बहुतेक साठलेलं पाणी. दिवसाला जेवढी लघवी होते त्यात साधारण अर्धा लिटर मिळवायचं, तेवढंच पाणी प्यायचं. चहा, आमटी, ताक सगळं त्यातच धरून, मे महिन्यातसुद्धा. मीठ जास्त झालं की तहान, तहान लागली की पाणी, पाणी साठलं की धाप. म्हणून लोणचं-पापड बंद. रक्तात पोटॅशियम साठतं म्हणून नारळपाणी बंद, भाजीही चिरून, उकळून, पाणी ओतून टाकून. महिनोन्‌महिने वजन बेताचंच वाढलेलं दिसलं तर त्यामागं रोजचा किती निग्रह होता ते लिहा. "सोशिक" लिहायची गरजच पडणार नाही.

दादा गेले त्या आठवड्याचे कागद वेगळे काढा. खेप चुकली तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळं सुतकातही जावंच लागतं. घरी दुखवट्याला माणसं आलेली, आणि आई तिकडं हातात दोन सुया घेऊन चार तास पडून. त्या तारखा कागदावर असतील तर तशाच छापा, खाली एक ओळ पुरे.

फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडलेला) हात कुठला होता तेही लिहा. त्या हाताला बीपी लावत नाहीत, घट्ट बांगड्या चालत नाहीत, भरलेली कळशी उचलायची नाही. एका हातात बांगड्या आणि दुसरा मोकळा असा फोटो सापडला तर तो नक्की घ्या.

शहापूर_डीटीपी
आधी तिथी बघा. पुढच्या वर्षी तीच तिथी दहा-अकरा दिवस आधी येते; मध्ये अधिक मास पडला तर अठरा-एकोणीस दिवस उशिरा. छापखान्याला तारीख त्याप्रमाणं द्या.

अल्बमच्या चिकट पानावरचे फोटो ओढू नका, सोलून निघतात. दात साफ करायचा दोरा मागून हळूहळू सरकवत न्या. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा. त्याच मापात छापायचा तर 300 डीपीआय (इंचाला ठिपके), दुप्पट करायचा तर 600. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन येतो. ईसीजीची पट्टी लॅमिनेट करायला देऊ नका, उष्णतेनं काळी पडते. झेरॉक्स काढून ठेवा.

मजकूर युनिकोडमध्ये (मोबाईलवर टाइप होतो तशा अक्षरांत) असेल आणि छापखाना जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं फुटतात. प्रूफ मोबाईलवर नको, कागदावर वाचा, आणि नावं दोघांनी तपासा. पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. मजकूर वाढला तर 16 वरून थेट 20; 18 होत नाहीत.

खानापूरचा_धाकटा
दोघांचेही आभार. नातवंडं कन्नड शाळेत आहेत, मराठी बोलतात पण वाचत नाहीत. त्यांच्यासाठी काय करता येईल?

चिकोडीकर
मावशी, काकी, शेजारणी यांचा आवाज रेकॉर्ड करा. "ती कशी होती?" विचारलं की सगळे चांगलं बोलून मोकळे होतात. "डायलिसिसच्या दिवशी किती वाजता उठायची? डब्यात काय न्यायची? परत आल्यावर आधी काय करायची?" असं विचारा. फोन एरोप्लेन मोडवर, पंखा बंद. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून ड्राइव्हवर चढवा आणि शेवटच्या पानावर क्यूआर कोड छापा, निदान दोन सेंटिमीटरचा. कोड स्टॅटिकच घ्या, म्हणजे लिंक थेट कोडातच असते. फुकटचे डायनॅमिक कोड (मधल्या वेबसाइटवरून लिंककडे नेणारे) मुदत संपली की बंद पडतात. लिंक सगळ्यांना उघडते का ते छापायच्या आधी परक्या फोनवर बघा. आणि दवाखान्याचे कागद छापणार असाल तर आधार आणि फोन नंबर झाकायला विसरू नका.