गेटवरच्या 'शून्य अपघात' बोर्डाचा अभिमान कसला?

फिटर, हिंगणा: "५०० दिवस शून्य अपघात, यालाच सेफ्टी कल्चर म्हणतात" हे काल इथल्या एका साहेबांनी टाकलेलं वाचून डोकं फिरलं म्हणून लिहून रायलो. माझ्या आधीच्या कारखान्यातही गेटवर असाच बोर्ड होता. एकदा क्रेनचा वायररोप तुटला, उचललेला लोखंडी जॉब धाडकन खाली, खाली कोणी नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, कोणाले लागलं काय? नाही ना, मग लिहू नको, चौकशी मागं लागते. दीड महिन्यानं दुसऱ्या क्रेनचा रोप तसाच गेला तेव्हा खाली हेल्पर होता. पाय गेला त्याचा.

शिफ्ट इंचार्ज, बुटीबोरी: मीच टाकलं होतं. एका सुपरवायझरवरून सगळ्यांना झोडपू नका. २२ वर्षं झाली मला, नियम पाळले की अपघात टळतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत पोरं हेल्मेट काढून ठेवतात, दंड लावला की घालतात. प्रत्येकाच्या "मले वाटते"वर लाइन बंद केली तर माल कोण काढणार?

मेंटेनन्सवाला, कोराडी रोड: "मले वाटते" हेच तर ऐकायचं असते साहेब! अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उडायच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, इंजिनियर सांगत होते की थंडीत ओ-रिंगचा, म्हणजे रॉकेटच्या जोडातल्या रबरी सीलचा, भरवसा नाही, उडवू नका. पक्का आकडा नव्हता, तर धोका आहे हे सिद्ध करायची पाळी त्यांच्यावरच आली. दुसऱ्या दिवशी ७ जण गेले. अन् भोपाळले नियम नव्हते काय? एमआयसी या विषारी रसायनाच्या टाकीचं रेफ्रिजरेशन बंद, गळलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरचा पाइप काढलेला, तरी प्लांट तसाच.

शिफ्ट इंचार्ज, बुटीबोरी: भोपाळ कुठं अन् माझं शेड कुठं!

हेल्परची बहीण, वाडी: फिटर भाऊ, तो हेल्पर ठेकेदाराचा होता काय?

फिटर, हिंगणा: हो ताई. म्हणून तर बोर्डावरचे दिवस मोजणं चालूच राहिलं.

हेल्परची बहीण, वाडी: माझा भाऊ ठेकेदाराकडंच आहे. गेटवर अर्धा तास ट्रेनिंग, सही घेतली अन् आत. मशीनचा आवाज वेगळा येते म्हणून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. घरी येऊन सांगते, तिथं बोलत नाही.

शिफ्ट इंचार्ज, बुटीबोरी: ठेकेदार मी ठेवतो काय? ते वरचे ठरवतात, शिव्या आम्ही खायच्या!

हेल्परची बहीण, वाडी: काम तुमच्याच शिफ्टमध्ये करते ना पण? मग माणूस कोणाचा?

मेंटेनन्सवाला, कोराडी रोड: ताईंना उत्तर द्या साहेब, विषय बदलू नका.

शिफ्ट इंचार्ज, बुटीबोरी: माझाच. ठीक आहे, थोडक्यात टळलेल्या अपघातांचं रजिस्टर सोमवारपासून ठेवतो, ठेकेदाराच्या पोरांसकट. पण नाव लिहूनच. निनावी चिठ्ठ्या मी घेत नाही.

मेंटेनन्सवाला, कोराडी रोड: मग कोरंच राहील ते रजिस्टर. अमेरिकेत पायलट अशा चुका १९७६ पासून नासाकडं कळवतात, नाव काढून टाकतात म्हणूनच लिहितात.

हेल्परची बहीण, वाडी: नाव लिहायचं असेल तर माझा भाऊ नाही लिहिणार साहेब. त्याच्यावर तीन जणांचं घर चालते.