गोव्याच्या भातशेतीला शेतकऱ्यांचे स्वतःचे संशोधन गट हवेत का?

कुडतरीकर

ऑस्ट्रेलियातील धान्य उत्पादकांच्या स्थानिक गटांविषयी अलीकडे बरेच वाचनात आले, म्हणून हा विषय येथे मांडत आहे. व्हिक्टोरिया राज्यातील ‘बर्चिप क्रॉपिंग ग्रुप’ 1992 साली सुरू झाला, तर पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘लीबी ग्रुप’ 1997 साली. दोन्ही गट गहू, बार्ली पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे आहेत. कोणत्या प्रश्नावर प्रयोग करायचा हे शेतकरी ठरवतात, प्रयोग त्यांच्याच शेतांत होतात आणि त्यासाठी लागणाऱ्या तज्ज्ञांना गटच नेमतो. या कामाला मिळणाऱ्या पैशांचा मोठा भाग 1990 साली स्थापन झालेल्या धान्य संशोधन महामंडळाकडून येतो. शेतकऱ्याने धान्य विकले की किमतीच्या सुमारे एक टक्का रक्कम त्या महामंडळासाठी कापली जाते आणि सरकारही त्यात आपली भर घालते.

आपल्याकडे जुने गोवे येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आणि खारट जमिनीसाठी तिने दिलेले ‘गोवा धान’ मालिकेतील वाण कोणी नाकारत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. खाजनात, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, एकाच बांधाच्या आत मानशीजवळचा (पाणी आत-बाहेर करणाऱ्या दाराजवळचा) कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, खारट असतो आणि डोंगराच्या कडेचा जवळजवळ गोडा असतो. या दोन कुणग्यांना एकच शिफारस लागू पडत नाही, आणि प्रत्येक कुणग्यासाठी वेगळे उत्तर शोधणे संस्थेला शक्य नाही. ते काम त्या बांधाच्या आतल्या शेतकऱ्यांनीच करायला हवे. कुळांच्या संघटना गावोगावी आहेतच, तेव्हा त्यांनी दरवर्षी चार कुणगे प्रयोगासाठी का राखू नयेत?

मानशीकाठ

कुडतरीकर यांच्या हेतूविषयी शंका नाही, पण ज्या संघटनांवर ते ही जबाबदारी टाकू पाहतात त्यांची घडण त्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही. 1964 च्या कूळ कायद्यानंतर खाजनांचे बांध आणि मानशी सांभाळण्याचे काम कोमुनिदादींच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थांच्या) आणि बोवसांच्या (शेतकऱ्यांच्या जुन्या मंडळांच्या) हातून हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आले. या संघटनांचे मुख्य उत्पन्न भातातून येत नाही, ते मानशीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून, येते. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरण्याचा हक्क दरसाल पावणीत दिला जातो. मानशीचे लाकडी दार भरतीला आपोआप मिटावे आणि ओहोटीला उघडावे, म्हणजे शेतातले पाणी बाहेर जाते आणि नदीचे खारे पाणी आत शिरत नाही, अशी ती मूळ रचना आहे. परंतु ज्याने पावणीत हजारो रुपये मोजले आहेत त्याचे हित भरतीला दार उघडे ठेवण्यात असते, कारण जितके पाणी आत येईल तितकी मासळी ओहोटीला जाळ्यात सापडते. अशा रीतीने आत आलेले मीठ पुढच्या जून-जुलैच्या पावसाने धुऊन निघेपर्यंत जमिनीतून हलत नाही, आणि पावसाने मध्येच उघडीप दिली तर रुजत घातलेले भात जागीच करपते.

आमच्या भागात एका खाजनाचा बांध कुर्ल्यांच्या बिळांतून झिरपू लागला, वेळेवर माती पडली नाही, आणि एका मोठ्या भरतीत तो फुटला. काही वर्षांतच तेथे खारफुटी माजली, आणि एकदा खारफुटी उभी राहिली की कायद्याने परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. त्या जागेत आता कोणते वाण चांगले, याचा प्रयोग कोणी करायचा? बांध आणि मानस यांचा बंदोबस्त होण्याआधी संशोधन गटांची भाषा करणे म्हणजे घराला छप्पर नसताना भिंती रंगवण्यासारखे आहे.

जुना कृषी साहाय्यक

मी कृषी खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार परिचयाच्या आहेत. मानशीकाठ यांचे म्हणणे खाजनापुरते खरे आहे. मात्र गोव्यातील सगळे भात खाजनात पिकत नाही. मध्यम उंचीवरच्या खेर जमिनी आहेत, चढावरचे मोरड आहेत, आणि वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, पाटाच्या पाण्यावर होणारे पीक आहे.

मला जास्त चिंता प्रयोगाच्या शिस्तीची वाटते. शेतकरी एका कुणग्यात ज्योती हे नेहमीचे वाण लावतो, शेजारच्या कुणग्यात नवे वाण लावतो, आणि कापणीनंतर ज्याच्या गोणी जास्त भरल्या ते वाण चांगले ठरवतो. त्या दोन कुणग्यांत शेणखत सारखे पडले होते का, तरवा (लावणीची रोपे) एकाच वयाचा होता का, पाणी किती दिवस साचून राहिले, याची नोंद कोठेच नसते. दोन्ही वाण एकाच कुणग्यात पट्ट्या पाडून, एकाच दिवशी आणि एकाच खतावर घेतले, आणि तीच जोडी निदान तीन ठिकाणी लावली, तरच त्या तुलनेला काही अर्थ राहतो. त्यातही ऑक्टोबरच्या पावसात कापलेले भात ओले असते. 22 टक्के ओलाव्याचे 100 किलो भात 14 टक्क्यांवर वाळवले की सुमारे 91 किलो भरते. ज्याने ओलेच तोलले आणि ज्याने वाळवून तोलले, त्या दोघांचे आकडे शेजारी मांडले तर निष्कर्ष चुकीचाच निघेल. ऑस्ट्रेलियातील गट हे मोजमाप पगारी माणसे ठेवून करतात. आपल्याकडे ते कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांनी करावे आणि कुणगा व प्रश्न शेतकऱ्याचा असावा, एवढी वाटणी मला शक्य वाटते.

हिशेबनीस

थोडा हिशेब मांडतो. हेक्टरी 4 टन भात धरले आणि 2024-25 ची आधारभूत किंमत क्विंटलला 2,300 रुपये लावली, तर एका हेक्टरचे 92,000 रुपये होतात. त्याचा एक टक्का म्हणजे 920 रुपये. गावात 100 हेक्टर भात असले तरी वर्षाला 92,000 रुपये जमतील, आणि एवढ्यात एका पदवीधराचा वर्षाचा साधा पगारही निघत नाही. शिवाय ऑस्ट्रेलियात ही कपात विक्रीच्या ठिकाणी होते. आपल्याकडे पुष्कळ घरांत भात विकलेच जात नाही. ते कुडवाने मोजून कणगीत जाते आणि घरच्या उकड्या तांदळासाठी वापरले जाते. मग कापायचे कोठे आणि कोणी?

सत्तरीची शेतकरीण

वरील सर्व चर्चा वाचली. आमच्या सत्तरी तालुक्यात बांध आणि मानस हा प्रश्नच नाही, गवे आणि रानडुकरे हा आहे. तरीही गटाचा उपयोग मला मान्य आहे, फक्त तो संशोधनासाठी नसून साधनांसाठी आहे. वाफे लहान आणि चढ-उताराचे असल्यामुळे मोठे कापणी यंत्र तेथे पोहोचत नाही. लावणीला माणसे मिळत नाहीत, आणि जी मिळतात त्यांत बहुतेक आमच्याच वयाच्या बायका असतात. भाड्याचे यंत्र मिळाले तरी सगळ्यांना ते एकाच आठवड्यात हवे असते. आमच्या महिला मंडळाने पॉवर टिलर कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी फिरणार याची यादी लावणीच्या आधीच करून ठेवायला सुरुवात केली, आणि त्या एका यादीमुळे पडीक राहणारे काही वाफे पुन्हा लागवडीखाली आले. कुडतरीकरबाब, आपल्या चार प्रयोगाच्या कुणग्यांना हरकत नाही, पण त्यांची नांगरणी कोण करणार हे आधी ठरवावे लागेल.

कुडतरीकर

सर्वांचे आभार. हिशेबनीस यांचा आकडा बरोबर आहे. ऑस्ट्रेलियाचा आर्थिक आराखडा जसाच्या तसा येथे आणता येणार नाही, हे मान्य करतो. हजारो हेक्टरचा मालक आणि अर्ध्या हेक्टरचे कूळ यांना एक मापदंड लावण्याचा माझा आग्रह नाही. ताईंच्या यादीविषयी मात्र एवढेच म्हणेन, की कोणाचा वाफा कधी नांगरला हे जो गट लिहून ठेवतो, तो कोणता वाण किती पिकला हेही लिहून ठेवू शकतो.

मानशीकाठ यांच्याशी माझा मतभेद कायम आहे. बांध आधी आणि प्रयोग नंतर, असा क्रम त्यांनी लावला आहे. माझ्या मते बांध दुर्लक्षिला जातो त्याचे एक कारण हेच, की भातशेतीचे नुकसान किती झाले याची नोंद कोणापाशी नसते, आणि पावणीची रक्कम मात्र संघटनेच्या वहीत रुपयांत लिहिलेली असते. क्षारता मोजण्याचे साधे उपकरण घेऊन एका खाजनात मानशीजवळ, मध्यावर आणि डोंगराकडेला दर पंधरवड्याला मोजमाप केले, तर मीठ कधी आणि कोणत्या दिशेने आत आले हे दिसेल. कोरगूट हे खाजनातले जुने गावठी भात कोठे टिकते आणि ‘गोवा धान’ कोठे अधिक देतो, हेही त्याच वहीतून समजेल. ‘गोवा धान’चे पहिले वाण कोरगुटातूनच निवडलेले आहेत, म्हणजे संस्थेचे संशोधन आपल्याच पूर्वजांनी राखलेल्या बियाण्यावर उभे आहे. मग आपण पुढे केवळ शिफारशीची वाट पाहत का बसावे?

मानशीकाठ

नोंदवहीला माझा विरोध नाही. परंतु मीठ आत आले हे गावात प्रत्येकाला जिभेवर कळते; त्यासाठी उपकरणाची गरज नव्हती. कळूनही कोणी बोलत नाही, कारण पावणी घेणारा पुष्कळदा संघटनेतल्याच कोणाचा तरी नातेवाईक असतो, आणि संघटनेच्या बैठकीला येणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःची शेती करणे कधीच सोडून दिलेले असते. आपल्या वहीत मानशीजवळचा आकडा वाढलेला दिसला, तर त्या दिवशी दार बंद करायला लावण्याचा अधिकार कोणाचा असेल? तो पावणीच्या करारात लिहिलेला हवा: क्षारता ठरावीक पातळीवर गेली की भरतीला दार मिटलेच पाहिजे, आणि न मिटल्यास अनामत जप्त होईल. पुढच्या पावणीआधी मामलेदारांसमोर हे कलम मांडण्यास कुडतरीकर तयार असतील, तर उपकरणाच्या वर्गणीत माझे नाव पहिले लिहावे.