घरगुती फोटोंसाठी झूम की सेन्सर?

हा चर्चेचा धागा ज्यांनी काढलाय त्यांना मुलांचे आणि घरातल्या कार्यक्रमांचे फोटो काढायचेत आणि कॅननच्या एसएक्स१३० आणि एस९५ ह्या २०१० सालच्या छोट्या कॅमेऱ्यांमध्ये निवड होत नाहीये, वरच्या प्रतिसादांत बहुतेकांनी १२ मेगापिक्सेल नि १२ एक्स झूम बघून एसएक्स१३० सुचवलाय. मला नाही पटत. एस९५ ला १० च मेगापिक्सेल आहेत, पण सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) १/१.७ इंची, म्हणजे एसएक्स१३० च्या १/२.३ इंचीपेक्षा क्षेत्रफळाने जवळपास दीडपट, आणि वाइडला, म्हणजे झूम न करता, लेन्स एफ २.० पर्यंत उघडते, एसएक्स१३० ची एफ ३.४ वरच थांबते (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). त्यामुळे बारशाच्या मिणमिणत्या हॉलमध्ये त्याच आयएसओला (उजेडाच्या संवेदनशीलतेच्या सेटिंगला) एसएक्स१३० ला १/१५ सेकंद शटर मिळत असेल तर एस९५ ला १/४० च्या आसपास मिळतं, म्हणजे हलणारं माणूस कमी धूसर येतं. कॅमेऱ्यातला स्टॅबिलायझर आपल्या हाताची थरथर सावरतो हो, पळणारं पोर थोडंच सावरणार!

फक्त झूम पूर्ण ओढलं की एस९५ सुद्धा एफ ४.९ वर जातो, तेव्हा कमी उजेडात वाइडलाच ठेवा आणि दोन पावलं पुढे जा.

पक्षी वगैरे काढायचे असतील तर मात्र एसएक्स१३० च, त्याचा झूम ३३६ एमएम पर्यंत पोचतो, लांबचं जवळ दिसतं. त्यात पेन्सिल सेल लागतात, कुठेही मिळतात, पण साधे सेल पटकन बसतात, रिचार्जेबलच घ्या.

आणि दुकानात आपलं कार्ड न्या, फ्लॅश बंद करून अंधाऱ्या कोपऱ्याचे आयएसओ ८०० ला फोटो काढा नि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, मगच पैसे मोजा.