स्लेड नाही, पैसे नाहीत, दीडच महिना आहे. पायांच्या ताकदीसाठी काय करता येईल?

माळावरचे_सर
नमस्कार. वजनाच्या स्लेडला घरगुती पर्याय हवा आहे. व्हिडिओत दाखवतात तसा, लोखंडी सांगाड्यावर वजनं टाकून ढकलायचा किंवा कमरेला पट्टा लावून ओढायचा. इथे मिळत नाही. ऑनलाइन भाव बघितला आणि पान बंद केलं. टायर सोडून काय ते सांगा, टायर करून झालाय. जरा लवकर, स्पर्धेला दीडच महिना आहे.

पंक्चरवाला_पिंट्या
टायर का सोडायचा राव? चार वर्षं ओढतोय. ट्रकचा जुना टायर पन्नासेक किलो भरतो, कारचा आठ-दहा. कडेला भोक पाडा, आय-बोल्ट घाला, आतून-बाहेरून मोठे वॉशर लावा म्हणजे रबर फाटत नाही. खालच्या बाजूला आणखी तीन-चार भोकं पाडा, नाहीतर पावसात पाणी साठून डासांची शाळा भरते. आमच्या गल्लीत डेंग्यूचा पेशंट निघाला तेव्हा सगळे आधी माझ्याच टायरकडे आले होते.

घणाघाती
मी रोज टायरवर शंभर घाव घालतो. दहा पौंडी घण. खांदे बघा मग.

अर्धवट_इंजिनियर
@घणाघाती तो स्लेजहॅमर. सर घसरगाडीबद्दल विचारतायत.

तालमीतला
कसली घसरगाडी अन् काय. सपाट्या मारा, बैठका मारा. दीड महिन्यात शंभरावरून पाचशेवर जा. आमच्या वस्तादांनी कधी स्लेड बघितला नव्हता आणि त्यांच्या मांड्या दोन हातांत मावायच्या नाहीत.

अर्धवट_इंजिनियर
सर, पाच गोष्टी सांगा. वय, वजन, खेळ कुठला, जमीन कसली, आणि टायरचं नक्की काय बिनसलं?

माळावरचे_सर
टायर सोडून म्हटलं होतं. मुरमाचं ग्राउंड आहे. टायर आडवा टाकून ओढला की पुढची कड जमीन खरवडते आणि दहा मीटरमध्ये आत घमेलंभर मुरूम जमा होतो. सुरुवातीला पळणारी शेवटी जागची हलत नाही. दर फेरीला टायर उलटा करून झटकायचा. अर्धा तास झटकण्यातच जातो.

रेडर_नंबर_सात
"पळणारी"? नक्की कोणासाठी विचारताय?

माळावरचे_सर
शाळेच्या पोरींसाठी. कबड्डी, १७ वर्षांखालच्या. मी क्रीडाशिक्षक. मला वाटलं मी लिहिलंय.

अर्धवट_इंजिनियर
नाही लिहिलंत. किती जणी?

माळावरचे_सर
बारा. टीम म्हणजे बाराच ना.

पंक्चरवाला_पिंट्या
मग बारा टायर. आमच्याकडून घेऊन जा, फुकट देतो, जागा तरी मोकळी होईल.

जिम_आणि_मिसळ
पोरी असोत की पोरं, पायाभूत ताकद बारबेल स्क्वॉटनेच येते. रॉड आणि दोन प्लेटा घ्या, बाकी सगळा टाइमपास आहे.

तालमीतला
रॉडला पैसे असते तर माणूस इथे कशाला विचारत बसला असता? बैठकेला रुपया लागत नाही.

गुडघेदुखी_डॉट_कॉम
मी फिजिओ आहे, म्हणून मध्ये बोलते. स्लेडची खरी गंमत वजनात नाही. बैठकेत खाली जाताना स्नायू ताणला जात असतानाही जोर लावत असतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही ते मुख्यतः त्यामुळे. स्लेड ओढताना तो भाग जवळजवळ नसतोच. नुसतं ढकलणं, पुढे सरकणं. म्हणून आज ओढला तरी उद्या पोरी सरावाला उभ्या राहू शकतात. स्पर्धा तोंडावर असताना हे फार मोलाचं आहे. दीड महिन्यात शंभरावरून पाचशे बैठका म्हणजे पोरी स्पर्धेला लंगडत जातील.
सर, कुणाचे गुडघे दुखतात का?

माळावरचे_सर
दोघींचे. पण ते नेहमीचंच आहे.

गुडघेदुखी_डॉट_कॉम
नेहमीचंच म्हणजे काय? वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दाबल्यावर दुखतं का? तिथे टेंगूळ आलंय का?

माळावरचे_सर
एकीला आहे टेंगूळ. नववीतली. यंदा एकदम उंच झाली. तिची आई म्हणते वाढीचं दुखणं आहे.

गुडघेदुखी_डॉट_कॉम
आई बरीचशी बरोबर असेल. या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं आणि मांडीचा मोठा स्नायू तिथेच ओढत असतो. ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. तिला खोल बैठका आणि उड्या बंद. हलकं वजन ओढत चालताना दुखत नसेल तर तेवढं चालेल, दुखलं की थांबायचं. आणि सगळ्यांनाच उडी मारून उतरायला नीट शिकवा, गुडघे आत पडता कामा नयेत. या वयात गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा मुलींना जास्त होते, आणि कबड्डीत तर वळणं, अडकणं, पडणं सगळंच आलं.

तालमीतला
मॅडम, आमच्या गावात पोरी भाताच्या चिखलात दिवसभर वाकून असतात. त्यांना नाही काही होत.

गुडघेदुखी_डॉट_कॉम
होतं. त्या तुम्हाला सांगत नाहीत, आमच्याकडे येऊन सांगतात.

रेडर_नंबर_सात
वजनावरून भांडताय, पण अंतराचं कुणी बोललंच नाही. महिलांच्या मैदानात मध्यरेषेपासून बॉक लाइन, म्हणजे चढाईत ओलांडावी लागणारी रेषा, ३ मीटरवर, त्यापुढे १ मीटरवर बोनस लाइन. म्हणजे मागून कंबर धरली तर पोरीला सुटण्यासाठी मध्यरेषेपर्यंत तीन-चार मीटर ओढत जायचंय, तेही खाली वाकून, हात लांब टाकत. व्हिडिओतले लोक ४० मीटर ढकलतात ते बघून तसंच करू नका. ६ ते ८ मीटर, पूर्ण जोर, मग दीड-दोन मिनिटं विश्रांती. अशा सहा-आठ फेऱ्या बास.
त्यासाठी स्लेडही लागत नाही. जोड्या लावा. एकीच्या कमरेला रुंद पट्टा, मागची दोन्ही टोकं धरून मागे रेलते, पुढची ओढते. बारा पोरी म्हणजे सहा जोड्या, सगळ्या एकाच वेळी. तुमचा निम्मा वेळ वाचला.

जिम_आणि_मिसळ
मागची किती जोर लावते ते कसं मोजणार? आज कमी, उद्या जास्त. प्रगती कळणारच नाही.

रेडर_नंबर_सात
मॅचमध्ये मागून धरणारी पण मोजून जोर लावत नाही.

पंक्चरवाला_पिंट्या
हल्ली मॅटवरच्या कबड्डीत काही मजा नाही. मातीत पाय रोवायला मिळायचा. मॅटवर बूट घालून काय कबड्डी खेळायची.

तालमीतला
एकदम बरोबर. पहिल्यांदाच पटलं तुझं.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. इथे हिवाळ्यात पोरं बर्फावर प्लास्टिकच्या पराती घेऊन घसरतात. बर्फ गेला की मी तीच परात वाळूची पोती टाकून मागच्या गवतावर ओढतो. तळ गुळगुळीत आणि पुढची कड वर वळलेली, म्हणून माती आत येत नाही. तुमच्याकडे परात मिळणार नाही, पण निळा दोनशे लिटरचा ड्रम मिळेल. गोठ्यात गव्हाणीसाठी उभा चिरतात तसा चिरायचा. अर्ध्यात वाळूची पोती.

अर्धवट_इंजिनियर
हे भारी आहे. दोन सूचना.
दोर आखूड ठेवू नका. आखूड दोराने ओढलं की ड्रमचं पुढचं टोक उचललं जातं, निम्मा भार हवेत जातो आणि झटके बसतात. तीन-साडेतीन मीटर तरी दोर हवा.
आणि "मी ८० किलो ओढले" याला काही अर्थ नाही. तेच पोतं फरशीवर वेगळं, ओल्या मुरमावर वेगळं. सिलिंडर देणाऱ्याकडे लटकता काटा असतो ना, तो दोरात अडकवून एकसारखं चालत ओढा. काटा दाखवेल तो पायांवरचा खरा भार. @जिम_आणि_मिसळ, घ्या, प्रगती मोजता आली.

घणाघाती
घणाचा दांडा बाभळीचा चांगला की सागाचा?

दुष्काळी_शेतकरी
सर, ड्रम चिरायच्या आधी कुणाच्या तरी गोठ्यामागे डोकावून बघा. नांगरट झाल्यावर ढेकळं फोडायला, रान सपाट करायला बैलाच्या मागे लाकडी फळी असायची. वर माणूस उभा राहायचा. ट्रॅक्टर आल्यापासून फळ्या उन्हापावसात पडून आहेत. दोन बाजूंना कड्या असतातच. जड हवी तर वर एक पोरगी बसवा, हलकी हवी तर उतरवा. लहानपणी मी फळीवर बसून जेवढा फिरलोय तेवढा एसटीतसुद्धा बसलो नसेन.

तालमीतला
अरे हो! तालमीत हौद्याची माती सपाट करायला आम्ही हेच करायचो. फळीवर एक पोरगं बसायचं, दुसरा ओढायचा. याला व्यायाम म्हणायचं हे माहीतच नव्हतं.

अर्धवट_इंजिनियर
म्हणजे वस्तादांकडे स्लेड होता.

तालमीतला
फळी होती. स्लेड नव्हता.

गुडघेदुखी_डॉट_कॉम
कासरा थेट कमरेला बांधू नका, कातडी सोलते. गोणपाटाची चार पदरी घडी घालून पट्टा शिवा. जोडीत ओढताना मागचीने अचानक सोडायचं नाही, पुढची तोंडावर पडते. कुणी ट्यूबचे पट्टे कापायला सुचवलं तर व्हॉल्व्हचा भाग कापून टाका. तुटली तर तो डोळ्यात येतो.

पंक्चरवाला_पिंट्या
मी तेच सुचवणार होतो. व्हॉल्व्हचं बरं सांगितलंत.

माळावरचे_सर (तीन आठवड्यांनी)
उशिरा लिहितोय. एका पालकांकडे फळी मिळाली, बाभळीची, दोघांनी उचलावी लागली. अर्धा ड्रमही केला. ड्रममध्ये ४० किलो वाळू टाकली तर काटा १८ ते २२च्या मध्ये नाचतो. सोमवारी आणि गुरुवारी फळी आणि ड्रम, मंगळवारी जोड्या. पट्ट्याचं रेडर म्हणाले ते खरं, पोरींना सगळ्यात तेच आवडतं, कारण त्यात भांडता येतं. दुसऱ्या आठवड्यापासून कमरेला धरलं तरी दोघी-तिघी सुटायला लागल्यात. बाकीच्या अजून आहेत तिथेच. टेंगूळवाली डॉक्टरांकडे जाऊन आली. दोन आठवडे सराव बंद होता, आता फक्त चालत ओढते.
एक अडचण. फळी फिरवून फिरवून ग्राउंड इतकं सपाट झालं की मुख्याध्यापक खूश आहेत. १५ ऑगस्टच्या कवायतीसाठी उरलेला भागही पोरींकडून करून घ्या म्हणतात.

दुष्काळी_शेतकरी
बैलाला निदान पेंड तरी मिळायची.

माळावरचे_सर
आणि आजपासून पाऊस. मुरूम ओला झाला, ड्रम चिकटून बसतो. व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे, बारा मीटर लांब. त्यावर पोत्यात वाळू भरून ओढली तर चालेल का?

अर्धवट_इंजिनियर
चालेल. फरशी कोरडी हवी, पायात बूट हवेत, नाहीतर पोत्याच्या आधी पोरीच घसरतील. आणि काटा पुन्हा लावा, आकडा बदलेल. व्हरांड्याच्या टोकाला काय आहे? भिंत की पायऱ्या?

माळावरचे_सर
पायऱ्या. सांगितलं नाही का मी?