सल्ला हवा: 'जिओगॅडी'तला काळोख आणि त्यानंतर काय ऐकावं

रबाळे_रात्रपाळी:
मंडळी, बोर्ड्स ऑफ कॅनडा या इलेक्ट्रॉनिक बँडचा 2002 चा 'जिओगॅडी' हा अल्बम डोक्यातून जात नाहीये. सेकंड शिफ्ट सुटली की ठाणे लोकलमध्ये हाच लावतो. सूर गोड, तरी पोटात गोळा येतो. लांबी 66 मिनिटं 6 सेकंद, म्हणजे सैतानाचा आकडा, असं सगळीकडे वाचलं. अल्बमचा विषय खरंच तोच आहे का? आणि पुढे काय ऐकू?

वाघबीळ:
आकड्याच्या फार मागे लागू नका. शेवटचा ट्रॅक 'मॅजिक विंडो' म्हणजे निव्वळ शांतता. ती धरून 66:06 भरतात. खरी भीती आवाजाच्या पोतात आहे. 'ज्युली अँड कँडी' नीट ऐका. त्यातल्या शिट्टीच्या धुना त्यांनी दोन टेप डेकच्या आतल्या माइकवर आलटून पालटून रेकॉर्ड केल्या, आवाज पार फाटेपर्यंत. या स्कॉटिश भावांनी बँडचं नावही कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डवरून घेतलंय; लहानपणी त्यांचे माहितीपट बघायचे. आपल्या 'बालचित्रवाणी'ची धून बुरशी लागलेल्या कॅसेटवर वाजावी, तसं होतं ते. ओळखीचं असतं म्हणूनच अंगावर येतं.

विषयाचं म्हणाल तर '1969' हा ट्रॅक धरा. त्यात ब्रँच डेव्हिडियन या धार्मिक पंथाचा आणि त्याचा म्होरक्या डेव्हिड कोरेश याचा थेट उल्लेख आहे. 1993 मध्ये टेक्सासमध्ये वेकोजवळ या पंथाच्या वस्तीला वेढा पडला, शेवटी आग लागली. 70 हून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. हे माहीत असलं की 'जायरोस्कोप'मधलं आकडे मोजणारं पोर वेगळंच ऐकू येतं. माझ्या मते हा अल्बम सैतानाचा नाहीच. गोड बोलून भोळ्या माणसांना ओढून नेणाऱ्यांचा आहे.

म्हणून पुढे जायच्या आधी मागे जा: 2000 ची त्यांचीच ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, 'इन अ ब्युटिफुल प्लेस आउट इन द कंट्री'. चारच ट्रॅक, पण त्यात हेच आमंत्रण उघडपणे दिलंय, तेही इतक्या सुंदर आवाजात की जावंसं वाटतं!

दिघा_लोकल:
वाघबीळ यांच्याशी सहमत. भर एवढीच, की बरिअल या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा 2007 चा 'अनट्रू'ही घ्या. तोही रात्रीचा, पण त्यातले तुटक आवाज धीर देतात. शिफ्टनंतर तोच बरा.

रबाळे_रात्रपाळी:
दोघांचे मनापासून आभार. ईपी आत्ताच ऐकली. आवाज खरंच बोलावतो हो. बोर्ड्स ऑफ कॅनडाचाच 2013 चा 'टुमॉरोज हार्वेस्ट' याच वाटेवरचा आहे का?

वाघबीळ:
नाही, तिथे माणसंच उरलेली नाहीत. तो सुट्टीच्या दिवशी, दिवसाउजेडी ऐका.