मदत हवी आहे: बिदरी भांड्याच्या तळाला डकवलेली मोडी चिठ्ठी

आजोबांच्या संग्रहातलं बिदरी (काळ्या केलेल्या धातूवर चांदीचं जडावकाम) हुक्क्याचं भांडं, घर नांदेडला. तळाला खळीने डकवलेली मोडी चिठ्ठी आहे, तिच्यावर अनुक्रमांक. तोच अनुक्रमांक त्यांच्या खरेदीवहीत आहे, म्हणून चिठ्ठी गेली तर भांड्याची ओळखच गेली.

चिठ्ठीच्या कडेने पांढरी भुकटी धरली आहे. बिदरी म्हणजे मुख्यतः जस्त, ओल लागली की असं होतं. कोरड्या मऊ ब्रशने वरची निघाली, खालची घट्ट आहे. चिंच, लिंबू, पॉलिश काहीच लावलेलं नाही, कारण त्याने काळा रंग उतरतो. नवसागर-मातीने पुन्हा काळं करायचं नाही, जुनाच थर हवा. कोपऱ्यावर ओला कापूस टेकवला तर शाई फुटली. चिठ्ठीचे आणि भांड्याचे फोटो काढून ठेवलेत.

पाण्याशिवाय चिठ्ठी सोडवता येईल का, की ती जागेवरच ठेवून भुकटी काढावी, आणि कशाने?